व्यवसाय : शेती

हंड्यावरचं झाकण किणकिणलं. ठमीने तोंडातला घास तसाच गालात धरला, सासूबाईंचा सुपातला हात थांबला आणि मी चुलीवरचं भांडं उतरवून कान दिले. आमच्या घरात दुपारी आधी झाकण वाजतं, मग सुरुंग. जमिनीतून आलेला हादरा हंड्याला लवकर कळतो, हवेतून येणारा धडाका मागून येतो. तो आला आणि ठमीने पहिला खडा वाटीत टाकला.

खाण टेकडीच्या पलीकडे आहे, झपझप चाललं तर दहा मिनिटांवर. हे तिथे सुरुंग लावतात. सकाळी डबा घेऊन निघताना दारात थांबून ठमीला बोटं दाखवतात. आज जितकी भोकं भरायची, तितकी बोटं. मग ठमी अंगणातून तितके खडे वेचते, फ्रॉकला पुसते आणि वाटीशेजारी ओळीने मांडून ठेवते. दुपारी एकेका आवाजाला एकेक खडा वाटीत. ती साडेचार वर्षांची आहे. शाळेत जायच्या आधीच दहापर्यंत मोजते म्हणून शेजारणी कौतुक करतात. कशामुळे शिकली ते मी कुणाला सांगत नाही.

त्या दिवशी सात बोटं होती. सातवा खडा पडल्यावर सासूबाईंनी सूप पुन्हा हलवलं, ठमीने गालातला घास गिळला आणि मी भांडं परत चुलीवर ठेवलं.

एखादा आवाज कमी आला तर खाणीत म्हणतात, मुका राहिला. भोक भरलेलं, वात पेटवलेली, पण आतली दारू उडालेली नाही. लग्न होऊन आले त्या पहिल्याच आठवड्यात हे घरी येऊन म्हणाले, आज एक मुका राहिला, आणि मला हसू आवरेना. यांना काही कळेना. सासूबाई भिंतीकडे तोंड करून बसल्या. मग यांनी मला बाहेर नेऊन समजावलं की वात आत कुठेतरी धुमसत असते, तिच्या मनात येईल तेव्हा ती दारूला जाऊन भिडते, म्हणून तासभर कुणी जवळ फिरकायचं नाही. तास झाला की ज्याने भोक भरलं तो एकटा जातो. कुठल्याच मुक्याला तिसरं माणूस चालत नाही, असंही म्हणाले, माझी वेणी ओढून. तेव्हापासून तो शब्द मी हसून ऐकलेला नाही.

संध्याकाळी हे आले ते भुवया, पापण्या, कानांच्या पाळ्या सगळं पांढरं घेऊन. मी पाण्याची बादली दिली. मान धुताना पाणी दुधासारखं खाली आलं. सासरे असेच पांढरे होऊन यायचे म्हणे. ते सुरुंगाने गेले नाहीत. दोन वर्षं खोकत राहिले, शेवटी बसल्या बसल्या झोपायचे, कारण आडवं झालं की छातीत दगड भरल्यासारखं व्हायचं. सासूबाई अजूनही कुणी खोकलं की पहिल्यांदा यांच्याकडे बघतात.

अंग पुसून झाल्यावर यांनी सदऱ्याच्या खिशातून गुलाबी कागद काढला. मुकादमाने सगळ्यांना वाटला होता. अपघाती मृत्यूचा विमा, एक पैसा भरायचा नाही. मालकाने आपल्या माणसांसाठी खास बोलणं करून आणलाय, उद्या विम्याचा माणूस पत्र्याच्या ऑफिसात येऊन सगळ्यांची नावं घेणार. सासूबाईंना बरं वाटलं. त्यांनी कागद हातात घेऊन उलटासुलटा करून पाहिला. त्यांना वाचता येत नाही, पण कागद जाड आहे एवढं त्यांना कळलं.

घरात बारीक अक्षर वाचणारी मीच. दाराशी उजेडात जाऊन वाचायला बसले. ठमी माझ्या पाठीला लोंबकळत होती. पुढच्या पानावर हसणारं कुटुंब होतं, नवरा, बायको, दोन मुलं, सगळ्यांचे दात चांगले. मागच्या पानावर अक्षर मुंगीएवढं. तिथे होतं की सुरुंग, स्फोटक पदार्थ, दगडखाण किंवा जमिनीखालच्या कामात आलेला मृत्यू या योजनेत धरला जाणार नाही. मी ते दोनदा मनात वाचलं, मग मोठ्याने वाचलं. मग पान उलटून पुढे पाहिलं. नावाची जागा मोकळी होती, वयाची मोकळी होती, व्यवसायाच्या जागी मात्र आधीच छापलेलं होतं : शेती.

आमच्याकडे शेत नाही. कधी नव्हतं. दारात पत्र्याच्या डब्यात मिरचीचं एक रोप आहे, त्याच्याही पानांवर खाणीची धूळ बसते. यांनी वाकून त्या रोपाकडे पाहिलं आणि म्हणाले, "ही घे आपली शेती. ठमे, आजपासून तुझा बाप शेतकरी."

ठमी लगेच तांब्या घेऊन मिरचीला पाणी घालायला धावली.

मला हसू आलं नाही. मी म्हटलं, म्हणजे जिथे तुमचा जीव जायची भीती आहे तेवढं सोडून बाकी सगळीकडे विमा. हे म्हणाले, रस्त्यात ट्रकने उडवलं तर? साप चावला तर? मी म्हटलं, तर मिळेल बहुतेक, पण तुम्ही दिवसाचे दहा तास रस्त्यात असता का? त्यावर सासूबाई हळूच म्हणाल्या, आणि खोकला? तो अपघातात बसतो का बघ गं. मी बघायचं नाटक केलं. बसत नव्हता.

यांनी कागद माझ्या हातातून घेतला, घडी घातली. "फुकट आहे. आपलं काय जातंय?"



दुसऱ्या दिवशी सकाळी मी ठमीला सासूबाईंजवळ ठेवून डावऱ्याच्या बायकोकडे गेले. डावऱ्या यांच्याबरोबरच सुरुंगावर होता, डाव्या हाताने घण मारायचा म्हणून डावऱ्या. गेल्या वर्षी वरून सुटलेल्या दगडाखाली सापडला. तेव्हापासून त्याची बायको रस्त्याकडेला पोत्याच्या सावलीत खडी फोडते. टायरच्या कड्यात दगड धरायचा आणि हातोडी मारायची. बोटांना तिने सायकलच्या ट्यूबचे तुकडे बांधले होते. त्यातलं एक बोट नखापासून काळंनिळं होतं.

डावऱ्याकडेही असा फुकटचा विमा होता, फोनच्या दुकानदाराने भरून दिलेला. मी विचारलं, त्याचं पुढे काय झालं? ती उठली, झोपडीत गेली आणि प्लास्टिकच्या पिशवीतून एक पत्र घेऊन आली. घड्यांवर फाटू नये म्हणून मागून चिकटपट्टी लावलेली. आठ महिन्यांत ती कितीजणांना दाखवून आली असेल ते त्या चिकटपट्टीवरूनच कळत होतं. पत्रात म्हटलं होतं की मयत व्यक्तीने स्वतःचा व्यवसाय शेती असा कळवला आहे. कामाच्या वेळेत ती दगडखाणीत हजर का होती, याचा खुलासा होत नाही. सबब चुकीची माहिती दिल्यामुळे मागणी नामंजूर.

"पैसे नाही दिले ते नाही दिले," ती म्हणाली. "पण त्याला खोटारडा ठरवलं गं. मेल्यावर. आयुष्यात एकदा खोटं बोलला नाही, आणि जे बोलला नाही तेच त्याच्या नावावर लिहून ठेवलं."

एवढं बोलून तिने कड्यात नवा दगड धरला. मी घरी न जाता सरळ खाणीकडे वळले. वाटेत माझे कान तापले होते आणि पायांत नुसता राग होता.

पत्र्याच्या ऑफिसात रांग लागली होती. टेबलाशी विम्याचा माणूस, कडक इस्त्रीचा सदरा, समोर काचेची पाटी, तिच्यावर बोट फिरवून तो नावं भरत होता. बाजूला खुर्चीवर मुकादम. रांगेत सगळ्यात पुढे नवा. दोन महिन्यांपूर्वी कामाला लागला, अजून सगळे त्याला नवाच म्हणतात. हसरा माणूस, यांच्या हाताखाली भोकं भरायला शिकत होता. त्याची बायको बाळंतपणाला माहेरी गेली होती. तो विचारत होता, फुकट म्हणजे अगदी फुकट की पुढच्या वर्षी मागणार? सगळे हसले. विम्याचा माणूस म्हणाला, अगदी फुकट, फक्त फोन नंबर द्या, मोठा विमा घ्यावासा वाटला तर मी स्वतः घरी येईन. नव्याने सही केली आणि दुसऱ्या प्रतीची घडी करून ती नोटेसारखी जपून वरच्या खिशात ठेवली. मला पाहून म्हणाला, वहिनी, आता बाळाचा बाप पक्का माणूस झाला.

मी रांग सोडून टेबलाशी गेले. हे मागे उभे होते, त्यांनी मान खाली घातली. मी विम्याच्या माणसाला म्हटलं, व्यवसायाच्या जागी शेती खोडा आणि सुरुंगकाम लिहा.

त्याने माझ्याकडे नीट पाहिलंही नाही. ताई, तसं मशीन घेत नाही, म्हणाला. पाटी माझ्याकडे वळवून दाखवली. त्यात चारच घरं होती : शेती, नोकरी, व्यापार, गृहिणी. मी म्हटलं, मग नोकरी लिहा. तर म्हणे, नोकरी दाबलं की पुढे कसली नोकरी ते विचारतं, तिथे खाण आली की फॉर्म तिथेच बंद पडतो, म्हणून सगळ्यांना शेती, अडचण नको.

"अडचण कुणाला नको?" मी विचारलं.

"ताई, फुकट आहे. यात तुमचं काय जातंय?"

मी म्हटलं, खोटंच लिहायचं तर गृहिणी लिहा, निदान भांडी तरी घासतात हे. रांग खळाळून हसली. मला वाटलं होतं हसू त्याच्यावर येईल, ते आलं यांच्यावर. यांच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या. यांना खाणीत मास्तर म्हणतात, बोटांवर मोजतात म्हणून. मुकादम पाय पसरून म्हणाला, "मास्तर, तुमच्या मास्तरीणबाईंना उद्यापासून ऑफिसात बसवू का? आणि सही करायची नसेल तर तसं सांगा. ज्याचा विमा नाही त्याला मी भोकाजवळ कसा पाठवू? खडी फोडायला आहे जागा."

खडी फोडायला म्हणजे डावऱ्याच्या बायकोशेजारी, पोत्याच्या सावलीत. हे पुढे आले. माझ्याकडे न बघता वाकून सही केली. सही करताना त्यांचा अंगठा मी पाहिला, दारू ठासून ठासून नख बसकं झालेला. शेतकऱ्याचा अंगठा असा नसतो, हे त्या पाटीला कुणी सांगायचं?

मी वळले तेव्हा मुकादम रांगेला मोठ्याने सांगत होता की आता विमा झालाय, तेव्हा मुक्यापायी तास तास हात चोळत बसायची चैन बंद. पाव तास पुरे.

काय जातंय, काय जातंय म्हणत होते सगळे. तास गेला.

त्या संध्याकाळी मी बादली दिली नाही. यांनी स्वतःच बादली भरून घेतली. ठमी मध्ये बसून एकदा यांच्या तोंडाकडे आणि एकदा माझ्या तोंडाकडे बघत होती. शेवटी तिने यांना विचारलं, शेतकरी काय काय करतात? हे म्हणाले, मिरचीला पाणी घालतात, आणि मुक्याजवळ अजिबात जात नाहीत. तिला ते पटलं. मला वाटलं, गंमत करतायत.

पुढचे चार दिवस वाटी भरत राहिली. पाच बोटं, पाच खडे. आठ बोटं, आठ खडे. पाचव्या दिवशी सकाळी यांनी सहा बोटं दाखवली.

दुपारी झाकण किणकिणलं. एक. दोन. तीन. चौथा आणि पाचवा जोडीने आले, ठमीने दोन्ही हातांनी दोन खडे टाकले. मग आम्ही थांबलो. सासूबाईंच्या सुपातला एक दाणा घरंगळून जमिनीवर पडला तो मला ऐकू आला. झाकण गप्प. ठमी सहावा खडा मुठीत घेऊन झाकणाकडे टक लावून बसली होती. ती म्हणाली, हा वाजतच नाही.

पूर्वी मी अशा वेळी दारात बसून तास काढला असता. आता पाव तास. मी चपला शोधल्या, एकच सापडली, तीही टाकून दिली. ठमीला कडेवर घेतलं, कारण तिने माझी मान सोडली नाही. टेकडी चढताना श्वास पुरेना, तळव्यात खडे रुतत होते, आणि डोक्यात सारखं त्या इस्त्रीच्या माणसाचं बोट काचेवर फिरत होतं. शेती. शेती. शेती.

खाणीच्या काठावर माणसं गोळा झाली होती. मधे हे, दोराच्या वेटोळ्यावर बसलेले. सगळे उभे आणि हे बसलेले, म्हणून आधी मला दिसलेच नाहीत, आणि तेवढ्या वेळात माझं काय झालं ते मलाच माहीत. मुकादम त्यांच्यासमोर उभा होता. पाव तास कधीच उलटला म्हणत होता. दोन गाड्या खडीसाठी थांबल्यात म्हणत होता. चल ऊठ म्हणत होता.

यांनी खिशातून गुलाबी प्रत काढली, उलगडली आणि मुकादमाच्या पुढे धरली.

"मी शेतकरी आहे," हे म्हणाले. आवाज अजिबात चढवला नाही. "तुम्हीच लिहून घेतलंत. शेतकरी मुक्याजवळ जात नाही. तास होऊ द्या, मग मी सुरुंगवाला."

कुणीतरी फिसकन हसलं. मग दोघे-तिघे हसले, आणि या वेळी हसू बरोबर जागी गेलं. एकजण खाली बसला, त्याच्याशेजारी दुसरा. बघता बघता सगळे बसले, नवाही बसला. ठमी माझ्या कानात म्हणाली, बाबा शेतकरी. मी तिचे पाय इतके घट्ट धरले होते की तिच्या पोटऱ्यांवर माझी बोटं उमटली.

मुकादमाचा चेहरा पडला. तो शिवीगाळ करेल असं वाटलं, पण त्याने तसं केलं नाही. यांच्या पायाशी पडलेली पहार त्याने ओढून घेतली आणि म्हणाला, शेतकऱ्याने शेतावर जावं, इथे काम नाही, उद्याही यायचं नाही. हे उठले. जाताना नव्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, तास होईपर्यंत हलू नकोस, काही झालं तरी. नव्याने मान डोलावली. मीही थांबून त्याला तेच सांगितलं. तो वरचा खिसा थोपटून हसला. "वहिनी, काळजी कशाला? कागद आहे की."

मला तेव्हाच तो कागद त्याच्या खिशातून ओढून फाडायला हवा होता. मी नुसतं, बसून राहा भाऊ, एवढंच म्हटलं आणि यांच्यामागे निघाले.

उतारावर यांनी ठमीला खांद्यावर घेतलं. माझ्या पायाकडे पाहिलं, आपल्या चपला काढून माझ्यापुढे ठेवल्या. त्या मला मोठ्या होत्या, फटक फटक वाजत होत्या, ठमीला त्याचं हसू येत होतं. मला त्यांच्या पाठीवर कपाळ टेकावंसं वाटत होतं. तास भरायला अजून पंधरा-वीस मिनिटं होती.

घरी आलो. सासूबाईंनी यांच्या दंडाला, छातीला, चेहऱ्याला हात लावून पाहिला, जसं बाजारात कापड चाचपावं तसं. मी हंड्यातून पाणी काढलं, झाकण परत ठेवलं. हे तांब्या तोंडाला लावणार तोच झाकण किणकिणलं.

मग धडाका आला.

यांच्या हातातला तांब्या तसाच राहिला, पाणी मनगटावरून कोपरापर्यंत ओघळलं. सासूबाईंनी डोळे मिटून घेतले. हे तांब्या तिथेच सोडून दाराबाहेर पळाले, अनवाणी, टेकडीच्या दिशेने.

ठमीने मूठ उघडली. सहावा खडा इतका वेळ तिच्या मुठीतच होता, घामाने ओला झालेला. तिने तो वाटीत टाकला, वाटी हलवून सहाही खडे वाजवून पाहिले आणि खूश होऊन माझ्याकडे बघितलं. माझं तोंड पाहून तिचं हसू थांबलं. ती दाराकडे वळली, लहान होत जाणाऱ्या बापाकडे बघत राहिली. मग जवळ येऊन तिने माझ्या साडीचा काठ धरला.

"आई, नवाकाका पण शेतकरीच आहेत ना?"